संख्याशास्त्राची धास्ती, मानसशास्त्राचं एम.ए. आणि लघुप्रबंध : मार्ग दाखवा

कोरांटी | मंगळवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. समुपदेशनाचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात आलं, म्हणून बहिःस्थ एम.ए. मानसशास्त्राला नाव घातलं. पियाजे, स्मृती, व्यक्तिमत्त्व, मनोविकृती हे सगळं आवडीनं वाचून झालं. घोडं अडलंय ते 'संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र' या पेपरवर, आणि त्याहून जास्त लघुप्रबंधावर.

मध्यमान, मध्यांक, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) इथवर ठीक चाललं होतं. पुढे शून्य परिकल्पना, सार्थकता पातळी, स्वाधीनता मात्रा अशी रांग लागली. सूत्र पाठ होतं, उदाहरण सुटतं, उत्तर पुस्तकाशी जुळतं. पण आपण नक्की काय केलं ते विचाराल तर सांगता येत नाही. 'टीचे मूल्य ०.०५ पातळीवर सार्थक आहे, म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे' हे वाक्य मात्र झोपेतही लिहीन.

विषय ठरलाय 'मोबाईलचा विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर होणारा परिणाम'. मॅडम म्हणाल्या, ३८४ चा नमुना घ्या, गूगल फॉर्म फिरवा, एसपीएसएसवर टाका. हे एसपीएसएस म्हणजे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बरोबरच्या एकीनं सरळ पैसे देऊन ॲनालिसिस करून आणलं. मला तसं करायचं नाही. दहावीनंतर गणिताशी काडीमोड झालेल्या माणसानं सुरुवात कुठून करावी? आणि हे ३८४ येतात कुठून?

बोलघेवडा | मंगळवार, रात्री ११:१५

ताई, आधी पेपर काढा, ज्ञान मागाहून. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमातही संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र हे दुसरंच युनिट आहे, त्यामुळे आज केलेलं पुढेही कामी येईल. कोणती टेस्ट कधी एवढं डोक्यात बसवा. दोन गटांचे सरासरी गुण असले की टी, तीन किंवा जास्त गट असले की अनोव्हा, दोन्ही बाजूंना मोजमाप असलं की सहसंबंध, दोन्ही बाजूंना नुसती वर्गवारी असली की काय-स्क्वेअर. स्टीव्हन्सच्या १९४६ च्या चार मापनश्रेणी त्याच्या आधी. टाइप वन आणि टाइप टू चूक (नसलेला परिणाम आहे म्हणणं आणि असलेला हुकणं) ठरलेली. विश्वसनीयता (चाचणी दर वेळी सारखंच मोजते का) आणि वैधता (मोजायचं तेच मोजते का) यांतला फरक ठरलेला. जुने पेपर आणून बघा, यातलेच प्रश्न फिरून फिरून येतात.

प्रबंधाचं काय, सगळे तसेच करतात. व्हायवात पंधरा मिनिटं जातात त्यातली दहा मुखपृष्ठावरच्या चुका शोधण्यात.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ६:३०

बोलघेवडा यांचा तक्ता चुकीचा नाही, पेपर त्यावर निघेल. पण ताईंची तक्रार 'उदाहरण सुटतं पण कळत नाही' ही आहे, आणि तिच्यावर तक्ता हा इलाज नव्हे. हयातभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यात मानसशास्त्राची मुलं बरीच होती. मुलं गणिताला घाबरतात हा समज निम्माच खरा. त्यांना बेरीज-वजाबाकी-वर्गमूळ येतं. त्यांच्यासमोर प्रश्नाआधी सूत्र ठेवलेलं असतं, तिथे गाडी रुळावरून घसरते.

कोरांटीताई, एक काम करा. मोबाईलचंच घेऊ. समजा आठ मुलं आहेत. चिठ्ठ्या टाकून चार मुलांचा फोन त्यांच्या बाकावर पालथा ठेवला आणि चार मुलांचा दुसऱ्या खोलीत. सगळ्यांना वीस शब्द वाचून दाखवले, थोड्या वेळानं किती आठवतात ते लिहून घेतलं. आकडे मी मनचे घेतोय :

फोन बाकावर : ९, ११, १०, १२
फोन बाहेर : ११, १४, १३, १५

पहिल्या गटाची सरासरी १०.५, दुसऱ्याची १३.२५. फरक २.७५ शब्दांचा. आता सूत्र विसरा आणि संशयी माणसासारखा एकच प्रश्न विचारा. फोनचा काडीचाही परिणाम नसेल, प्रत्येक मुलाला जेवढे शब्द आठवायचे तेवढेच आठवले असतील आणि हुशार पोरं नुसत्या चिठ्ठीच्या नशिबानं 'बाहेर' गटात पडली असतील, तर?

हे तपासायला टेबल लागत नाही. आठ चिठ्ठ्यांवर हे आठ आकडे लिहा. पिसून चार उचला, त्यांची बेरीज करा. 'बाहेर' गटाची बेरीज ५३ होती. पुन्हा पुन्हा पिसून बघा ५३ किंवा त्याहून जास्त किती वेळा येते. कंटाळा आला तर मोजूनच टाका. आठातून चार निवडायचे एकूण ७० मार्ग आहेत. त्यांतला १५, १४, १३, १२ हा एक मार्ग ५४ देतो. १५, १४, १३ आणि ११ हा ५३ देतो, पण ११ दोनदा आहे म्हणून तो दोन मार्गांनी येतो. झाले तीन. ७० पैकी ३, म्हणजे ०.०४३.

हीच तुमची पी व्हॅल्यू. एवढीच. फोनचा काही परिणाम नसता तर निव्वळ नशिबानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. 'शून्य परिकल्पना, म्हणजे परिणाम नाहीच हे गृहीतक, खरी असण्याची शक्यता ४ टक्के' असं ती अजिबात सांगत नाही, जरी निम्म्या प्रबंधांत तसंच छापलेलं असलं तरी.

हा ७० चा हिशोब माझा नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं १९३५ च्या पुस्तकात चहाचं उदाहरण घेतलंय. एक बाई म्हणत होत्या की कपात दूध आधी ओतलंय की चहा, हे मला चवीवरून कळतं. त्यांच्यासाठी आठ कप, चार असे आणि चार तसे. नुसत्या अंदाजानं आठही बरोबर येण्याची शक्यता ७० त १.

३८४ बद्दल संध्याकाळी लिहितो, आता फिरायला जायची वेळ.

शेवंता | बुधवार, सकाळी ९:०२

काका, दंडवत! बी.ए.ला असताना हे असं कुणी सांगितलं असतं तर! वाचनखूण साठवली.

रुईचं_पान | बुधवार, दुपारी २:२०

आकडेमोड सर, छान उतरवलंय. पण धाग्यात काडी टाकल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही 'फोन बाहेर' गटाला जास्त आठवेल ही एकच दिशा धरलीत. उलटही होऊ शकलं असतं की. 'फोन बाकावर' गटाला इतकंच जास्त आठवलं असतं तर तेही आपण 'परिणाम' म्हणूनच छापलं असतं. दोन्ही बाजू मोजल्या तर ७० पैकी ६, म्हणजे ०.०८६. झालं, ०.०५ ची रेषा ओलांडली, सार्थकता गेली!

आणि याच आठ आकड्यांवर नेहमीची टी टेस्ट लावली तर टी येतो २.५७, स्वाधीनता मात्रा ६ (आठ आकड्यांतून दोन सरासऱ्यांचे दोन वजा), दोन्ही बाजू धरून पी सुमारे ०.०४२. परत सार्थक. (ताईंच्या वाक्यावर आपण येऊन पोचलो, बघा.)

कोरांटी | बुधवार, दुपारी ४:०५

अरे देवा. आकडे तेच, मुलं तीच, तरी एकदा हो आणि एकदा नाही? मग परीक्षेत लिहायचं काय?

रुईचं_पान | बुधवार, संध्याकाळी ५:४०

परीक्षेत टी टेस्टच लिहा. :)

फरक का पडतो ते असं : चिठ्ठ्यांच्या पद्धतीत फक्त ७० शक्यता, त्यामुळे पी उड्या मारत जाते, ७० त २, मग एकदम ६ अशी. टी टेस्ट गृहीत धरते की हे आकडे घंटाकृती वितरणातून आलेत, आणि त्या गृहीतकाच्या जोरावर जास्त नेमकं बोलते. चार-चार मुलांवरून ते गृहीतक खरं की खोटं हे कुणालाच सांगता येणार नाही. गंमत म्हणजे टी टेस्ट जन्मालाच आली ती छोट्या नमुन्यांच्या अडचणीतून. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातल्या गॉसेटनं १९०८ साली ती 'स्टुडंट' या टोपणनावानं छापली.

खरी मेख वेगळीच आहे. ०.०४ आणि ०.०८ मध्ये फारसा फरकच नाही. रेषेच्या अलीकडे पडला म्हणून पेढे आणि पलीकडे पडला म्हणून सुतक, हे चुकतं. त्यापेक्षा फरकाचं ९५ टक्के विश्वास-मध्यांतर काढा, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा. इथे ते साधारण ०.१ ते ५.४ शब्द येतं. म्हणजे फोन बाहेर ठेवल्यानं वीस शब्दांत जेमतेम काही फरक पडत नाही इथपासून पाच शब्द जास्त आठवतात इथपर्यंत काहीही असू शकतं. आठ मुलांवरून आपल्याला किती कमी कळलंय, हे त्या लांबलचक मध्यांतरात उघडं दिसतं. पी व्हॅल्यू ते झाकून ठेवते. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेनं २०१६ मध्ये निवेदन काढून सांगितलं की निव्वळ पी एखादी रेषा ओलांडते का यावर निष्कर्ष ठरवू नका.

मी सध्या नेदरलँड्समध्ये याच विषयात काम करते. इथे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पीच्या आधी मध्यांतर शिकवायची पद्धत रुळत चालली आहे.

आकडेमोड | बुधवार, संध्याकाळी ७:१५

शाब्बास. एक दिशा मी मुद्दामच धरली होती, कोण पकडतं ते बघत होतो. दिशा आकडे बघण्याआधी कागदावर लिहून ठेवलेली असेल तरच एकबाजूची टेस्ट चालते. आकडे पाहून मग 'आम्हाला हेच वाटत होतं' म्हणणं म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढणं.

आता ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता आहे, त्यात लोकसंख्या दहा लाख असेल तर नमुना ३८४. आपल्याकडे तो अक्षरशः देवघरात ठेवलेला आहे. सूत्र सोपं आहे : १.९६ चा वर्ग, गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. कॅल्क्युलेटरवर करून बघा, ३८४.१६ येतं. पण प्रश्न कोणता? 'या तालुक्यात किती टक्के मुलांकडे स्वतःचा फोन आहे?' असा टक्केवारीचा अंदाज अधिक-उणे ५ टक्क्यांत हवा असेल, आणि नमुना खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेला असेल, तर ३८४. दोन गटांची तुलना, सहसंबंध, चाचणीची वैधता यांच्याशी या आकड्याचा संबंध नाही. आणि व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवून आलेली ३८४ माणसं हा यादृच्छिक नमुना नव्हेच. ती आपल्या आत्याच्या भिशीतली, तिच्या नणंदेच्या ऑफिसातली आणि कंटाळा न आलेली माणसं असतात. अशी ३,८४० जमवली तरी तिरकसपणा तेवढाच राहतो, फक्त आत्मविश्वास वाढतो.

तुलनेसाठी नमुना ठरतो तो फरक किती मोठा अपेक्षित आहे त्यावरून. कोहेन या मानसशास्त्रज्ञाच्या मोजपट्टीत मध्यम फरक म्हणजे ०.५ प्रमाण विचलनाचा. तो खरा असेल तर ८० टक्के वेळा पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. लहान, ०.२ चा फरक असेल तर प्रत्येक गटात जवळजवळ ४००. मोठा, ०.८ चा असेल तर २६. माझ्या मनच्या आकड्यांतला फरक कोहेनच्या हिशोबात १.८ येतो. असले प्रचंड परिणाम खऱ्या आयुष्यात क्वचित दिसतात. दिसले तर आधी नमुना किती लहान आहे ते बघावं.

चक्रम | बुधवार, रात्री ९:३३

एवढा खटाटोप कशाला? मानसशास्त्र हे शास्त्रच नाही हे २०१५ लाच सिद्ध झालंय. १०० प्रयोग परत करून बघितले, त्यातले ६४ खोटे निघाले. बातमी आली होती. चला, पॉपकॉर्न घेऊन बसतो.

रुईचं_पान | बुधवार, रात्री ११:५०

चक्रमराव, बातमी वाचलीत, मूळ लेख नाही. २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला तो अभ्यास मानसशास्त्रज्ञांनीच एकत्र येऊन केला होता. मूळ १०० अभ्यासांपैकी ९७ टक्के निष्कर्ष सार्थक होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के. परिणामाचा आकार सरासरीनं निम्म्यावर आला. बोधनिक (स्मृती, लक्ष, विचार यांच्या) मानसशास्त्राचे निम्म्याच्या आसपास टिकले, सामाजिक मानसशास्त्राचे पाव. 'पुन्हा सार्थक आला नाही' आणि 'खोटा होता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर आठ मुलांची हालत बघितलीत ना, तेच.

आणि हे आकाशातून पडलं नाही. २०११ मध्ये डॅरिल बेम या कॉर्नेलच्या प्राध्यापकांनी एका नामांकित नियतकालिकात नऊ प्रयोग छापले, हजाराहून जास्त सहभागी. निष्कर्ष काय, तर माणसांना भविष्यात घडणाऱ्या गोष्टींची चाहूल आधीच लागते! पद्धत नेहमीचीच, संख्याशास्त्र नेहमीचंच. त्यामुळे लोकांची झोप उडाली : या पद्धतीनं हेही सिद्ध होत असेल तर आपली बाकीची फळं कुठल्या झाडाची? त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी मुद्दाम एक प्रयोग करून दाखवला की बीटल्सचं एक गाणं ऐकल्यावर माणसं दीड वर्षानं तरुण होतात. वाटलं तरुण असं नव्हे, वयच कमी झालं, पी ०.०५ च्या खाली. युक्ती साधी. खूप गोष्टी मोजायच्या, माणसं थोडी थोडी वाढवत मध्ये मध्ये डोकावायचं, जुळेल तेव्हा थांबायचं, जुळलेलं तेवढंच छापायचं. एकही आकडा खोटा नव्हता.

कोरांटीताई, पैसे देऊन ॲनालिसिस करून देणारे नेमकं हेच करतात, फक्त त्यांना त्याचं नाव माहीत नसतं. वय, लिंग, शहरी-ग्रामीण, माध्यम असं सगळं एकमेकांशी लावून वीस टी टेस्ट काढतात. काहीच परिणाम नसला तरी वीसात सरासरीनं एक 'सार्थक' निघतोच. तोच मग निष्कर्षाचं पहिलं वाक्य होतो.

यावर उतारा म्हणजे पूर्वनोंदणी. प्रश्न, नमुना, कोणती टेस्ट, कुणाला वगळणार, हे माहिती गोळा करण्याआधी लिहून तारखेसह ठेवून द्यायचं. ओएसएफ नावाच्या संकेतस्थळावर ते फुकट होतं.

चक्रम | गुरुवार, सकाळी १०:१०

बरं बाई, एकदा मूळ लेख वाचतो. हलके घ्या.

पाटपाणी | गुरुवार, दुपारी १:०५

क्लिनिकमध्ये बसते, म्हणून वेगळ्या बाजूनं दोन गोष्टी.

कुठलीही प्रश्नावली उचलून देऊ नका. रोझेनबर्गची आत्मसन्मानाची मापनी घ्या, १९६५ ची, दहा वाक्यं. त्यातली पाच उलट अर्थाची आहेत, त्यांचे गुण उलटे करून मग बेरीज करायची असते. प्रबंध तपासताना क्रोनबाखचा अल्फा (मापनीतली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) हास्यास्पद कमी किंवा चक्क उणे दिसला की मी आधी तेच बघते, आणि बहुतेक वेळा उलटे गुण तसेच राहिलेले असतात. परीक्षक ते बघत नाहीत, विद्यार्थी 'मापनीची विश्वसनीयता कमी आढळली' असं लिहून मोकळा. मापनी बिचारी निर्दोष.

मानकांचंही, म्हणजे ज्या गुणांशी तुलना करायची त्यांचंही, तसंच. बिने-कामत चाचणी आपल्याकडे अजून सर्रास वापरतात. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांवर बसवली तेव्हा ते मोठंच काम होतं. पण ती मानकं कित्येक दशकं जुनी, त्या काळच्या मुलांची. आजच्या मुलाचा बुद्ध्यांक त्या पट्टीवर काढायचा म्हणजे काय होतं ते 'नमुना' हे प्रकरण वाचताना डोक्यात ठेवा.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. 'मोबाईल आणि नैराश्य' असे विषय घेऊन पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली गूगल फॉर्मवर फिरवणारे पायलीला पन्नास आहेत. त्यातला नववा प्रश्न मरण बरं वाटणं, स्वतःला इजा करणं याबद्दल आहे. रात्री दीड वाजता एखादं मूल त्याला 'जवळजवळ रोज' अशी खूण करतं, आणि तुम्ही ती एक्सेल शीट परीक्षेनंतर उघडता. तेव्हा काय करणार? कोण फोन करणार, कुणाला? हे आधी ठरलेलं नसेल तर तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही. अठराच्या आतली मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे.

मुळाक्षर | गुरुवार, दुपारी ३:४०

सगळे आकड्यांमागे लागलेत म्हणून लिहितो. गुणात्मक संशोधनही संशोधनच आहे. दहा-बारा मुलांशी निवांत बोलून, मुलाखती शब्दशः उतरवून, ब्राउन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या पद्धतीनं आशयसूत्रं (बोलण्यात फिरून फिरून येणारे मुद्दे) काढली तर 'अभ्यासाला बसल्यावर फोन का उचलला जातो' हे जास्त कळेल. ताई भाषेच्या शिक्षिका आहेत, त्यांचा कान तयार आहे.

बोलघेवडा | गुरुवार, दुपारी ४:१५

गणित टाळायला गुणात्मक घेणारे बघितलेत. मुलाखत उतरवायला लागले की गणित बरं होतं म्हणतात. एक तासाची मुलाखत उतरवायला अख्खी दुपार जाते.

मुळाक्षर | गुरुवार, दुपारी ४:३०

ते मात्र खरं. टाळायला म्हणून घेऊच नये.

आकडेमोड | गुरुवार, संध्याकाळी ७:००

शिकायच्या क्रमाबद्दल ताईंनी विचारलं होतं, ते राहिलंच. माझं मत असं की हातानं एकदा करावं, मग कॉम्प्युटर. प्रमाण विचलन पाच आकड्यांवर हातानं काढा. सरासरीपासून प्रत्येकाचं अंतर, त्याचा वर्ग, बेरीज. टी म्हणजे दुसरं काही नाही, दिसलेला फरक भागिले नशिबानं होऊ शकणारी चढ-उतार. अनोव्हातही तेच, वर गटागटांतली तफावत आणि खाली गटांच्या आतली. हे दोन भागाकार कळले की निम्मा अभ्यासक्रम झाला.

आलेख काढल्याशिवाय कुठलाही आकडा काढू नका. अँस्कोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये चार आकडेसंच दिले. चारींची सरासरी, तफावत, सहसंबंध जवळपास सारखे, सहसंबंध ०.८२. आलेख काढला तर एकात सरळ रेषा, एकात कमान, एकात एकच उंडगा बिंदू सगळ्यांना ओढतोय.

एसपीएसएस विकत घ्यायची गरज नाही. जामोवी आणि जास्प दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. जास्प अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालं. त्याचं पूर्ण नाव 'जेफ्रीज अमेझिंग स्टॅटिस्टिक्स प्रोग्रॅम'. हे हॅरॉल्ड जेफ्रीज केंब्रिजचे. आणि केंब्रिजला त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले एक गृहस्थ होते कोल्हापूरचे वसंतराव हुजूरबाजार, ज्यांनी पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. जास्प उघडाल तेव्हा परक्या घरात आल्यासारखं वाटायचं कारण नाही.

शेवंता | गुरुवार, रात्री ८:२०

हे माहीतच नव्हतं. रोचक!

कोरांटी | शुक्रवार, रात्री १०:२२

चिठ्ठ्या केल्या. धाकट्यालाही बसवलं. ५४ एकदाच आली, ती त्यालाच, म्हणून तो आता स्वतःला नशीबवान समजतो.

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यावरून विषय बदलावा असं वाटतंय. 'मोबाईलचा अभ्यासावर परिणाम' यात मोजायचं काय हेच मला सांगता येईना. त्याऐवजी आकडेमोड काकांचाच प्रयोग खरोखर केला तर? आमच्या संस्थेचं ज्युनियर कॉलेज आहे, अकरावीच्या मुलांकडे स्वतःचे फोन असतात. अकरावी अ मध्ये फोन बाकावर आणि अकरावी ब मध्ये फोन ऑफिसात. दोन्ही वर्गांत साठ-साठ मुलं आहेत, म्हणजे ६४ च्या जवळ जातं. चालेल?

रुईचं_पान | शनिवार, पहाटे १२:४५

विषय झकास. २०१७ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी नेमकं हेच केलं होतं : फोन टेबलावर, खिशात किंवा पिशवीत, आणि दुसऱ्या खोलीत. नुसत्या उपस्थितीनंही माहिती डोक्यात धरून विचार करायची क्षमता कमी होते असं त्यांना दिसलं. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत कुठे दिसलं, कुठे नाही. म्हणजे प्रश्न अजून उघडा आहे आणि मराठी मुलांवर करून बघणं व्यर्थ नाही. मानसशास्त्राचे बहुतेक नमुने पाश्चात्त्य देशांतल्या कॉलेजच्या मुलांचे असतात, ही तक्रार हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केली ती उगाच नाही.

पण अ आणि ब वर्ग असे घेऊ नका! अ मध्ये सायन्सची हुशार मुलं असतील, ब चा तास जेवणानंतर असेल, अ ला तुम्ही आवडता असाल. मग फरक फोनचा की वर्गाचा, हे १२० मुलं घेऊनही कळणार नाही, कारण चिठ्ठी मुलांची पडलीच नाही. दोन वर्गांची पडली, म्हणजे एका अर्थी नमुना दोनचा.

आकडेमोड | शनिवार, सकाळी ६:४०

बरोबर. त्यापेक्षा प्रत्येक मुलाला दोन्ही अवस्थांतून न्या. एकदा फोन बाकावर, एकदा बाहेर, मध्ये काही दिवसांचं अंतर. मग प्रत्येक मूल स्वतःशीच तुलनेला उभं राहतं, हुशार-ढ हा फरक आपोआप कटतो. यात फरकांच्या प्रमाण विचलनाच्या निम्मा परिणाम पकडायला ३४ मुलं पुरतात. हा निम्मा आणि वरचा दोन गटांतला ०.५ एकच नव्हेत, एवढं लक्षात असू द्या. गळती धरून ४० घ्या.

शब्दांच्या दोन याद्या लागतील, दोन्ही सारख्या कठीण. त्या आधी दुसऱ्याच मुलांवर वापरून बघा. मग ४० जणांचे चिठ्ठीनं चार गट करा, दहा-दहाचे. दोन गटांना आधी फोन बाकावर, दोघांना आधी बाहेर. आणि त्यातही एकाला आधी पहिली यादी, एकाला दुसरी. नाहीतर सरावाचा परिणाम किंवा सोप्या यादीचा परिणाम फोनच्या नावावर जमा होईल.

पाटपाणी | शनिवार, सकाळी ११:१०

बाहेर ठेवलेले फोन कुलपात आणि नावाच्या पाकिटात ठेवा. एक हरवला तर प्रबंध राहील बाजूला.

कोरांटी | शनिवार, रात्री ९:५०

अगदी पटलं. फक्त ३८४ च्या जागी ४० म्हटल्यावर मॅडमना काय सांगू? त्या रागावणाऱ्या नाहीत, पण 'नियम आहे' म्हणतील.

आकडेमोड | रविवार, सकाळी ७:०५

जामोवीत किंवा जी-पॉवर या मोफत प्रोग्रॅममध्ये नमुन्याचा हिशोब करून त्याचं चित्र जोडा आणि आराखड्यात हा परिच्छेद घाला, हवा तसा बदला (त्यातलं 'सामर्थ्य' म्हणजे असलेला परिणाम पकडण्याची शक्यता) :

'प्रस्तुत अभ्यास लोकसंख्येतील प्रमाणाचा अंदाज घेण्यासाठी नसून, त्याच विद्यार्थ्यांच्या दोन अवस्थांतील स्मरणाची तुलना करण्यासाठी आहे. फरकांच्या प्रमाण विचलनाच्या निम्म्या आकाराचा परिणाम, ०.०५ सार्थकता पातळी, दुबाजू चाचणी आणि ८० टक्के सामर्थ्य गृहीत धरता किमान ३४ सहभागी आवश्यक आहेत. संभाव्य गळती लक्षात घेऊन ४० सहभागी निवडण्यात येतील. क्रम आणि शब्दयादी यांचे संतुलन राखण्यात येईल. निष्कर्ष सार्थक असो वा नसो, सरासरी फरक त्याच्या ९५ टक्के विश्वास-मध्यांतरासह नोंदवण्यात येईल.'

त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारला तरी उत्तर आता तुमच्याकडे आहे. मॅडमनी कुठे लाल शाई लावली तर फोटो काढून इथे टाका, बघू.